‘तोंड उघडा’ म्हणण्यापूर्वी

शास्त्रवाचन : मार्क ७ : ३१-३७



मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी एका बहिऱ्या माणसाची हकिगत आहे. त्याला ऐकू येत नव्हते आणि बोलणेही धड येत नव्हते. प्रभू येशू सोर व सिदोनकडून परत फिरून दकापलीसच्या मुलखातून गालीलच्या सरोवराकडे आला असता लोकांनी या माणसाला त्याच्याकडे आणले. त्यांची विनंती साधी होती : आपण याच्यावर हात ठेवावा. हात ठेवल्याने तो बरा झाला असता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्याने शताधिपतीच्या चाकराला दुरूनच बरे केले, त्याला स्पर्शाचीही गरज नव्हती. तरीही या एका माणसासाठी प्रभूने जितका वेळ घेतला आणि जितक्या पायऱ्यांनी तो पुढे गेला, तितक्या पायऱ्या शुभवर्तमानात क्वचितच आढळतात.

प्रथम त्याने त्याला गर्दीतून बाजूला नेले. मग त्याच्या कानांत बोटे घातली. मग थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श केला. मग वर आकाशाकडे दृष्टी लावली. मग उसासा टाकला. आणि हे सर्व झाल्यावर, अगदी शेवटी, तो एक अरामी शब्द बोलला : इप्फाथा. उघडा हो, मोकळा हो, असा त्याचा अर्थ.

थुंकीला त्या काळी औषधी गुण आहे असे लोक मानीत, एवढे सांगून तो विषय आपण सोडू. लक्ष द्यायचे ते क्रमाकडे. ज्याला ऐकू येत नाही त्याला तोंडाने कितीही समजावले तरी काय उपयोग? म्हणून प्रभू त्याच्याशी हातांनी बोलला. कानाला बोट लावले : येथे मी काही करणार आहे. जिभेला बोट लावले : आणि येथेही. वर पाहिले : बळ कोठून येणार ते पाहा. उसासा टाकला. तो त्या माणसाला ऐकू आला नाही. पण छाती वर आली आणि खाली गेली, ते त्याने जवळून पाहिले असेल. आपले दुःख या पुरुषाला जाणवले आहे, हे त्याला त्यावरून कळले असेल. काय होणार, कोठे होणार आणि कोण करणार, हे सगळे त्याला ठाऊक झाल्यावर मग ‘उघड’ हा शब्द आला.

आता वाचकहो, हाच शब्द आपण आणखी कोठे ऐकतो? दातांच्या दवाखान्यात. तेथे मात्र तो बहुधा पहिलाच शब्द असतो. खुर्ची मागे कलते, डोळ्यांवर दिवा येतो, आणि नाव-गाव विचारण्याच्या आत ‘तोंड उघडा’ अशी आज्ञा होते.

शास्त्रवचनावर मनन करताना दाताच्या डॉक्टराची खुर्ची मध्ये आणावी, हे काहींना विनोदी वाटेल. परंतु त्या खुर्चीतला मनुष्य अर्ध्या तासापुरता दकापलीसचा तो बहिरा-तोतराच झालेला असतो, हे ध्यानात घ्या. पाय दुखत असेल तर पायावर उपचार चालू असताना रोगी बोलू शकतो. येथे ज्या अवयवाने तक्रार करायची त्याच अवयवात दुसऱ्याची बोटे, कापूस, नळी आणि चिमटा असतो. कानांशी यंत्राची घरघर चाललेली असते, त्यामुळे डॉक्टर काय म्हणतात तेही नीट कळत नाही. तो उताणा असतो. समोरचा उभा असतो, त्याच्या तोंडावर पट्टी असते, आणि हातात काय आहे ते दिसत नाही. मोठमोठी धीराची माणसे या खुर्चीत घामाघूम होतात. ती भित्री असतात म्हणून असे होत नाही. आपल्या देहावरचा आपला अधिकार आपण इतक्या पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दुसरीकडे कोठेही जागेपणी देत नाही.

ही भीती खरी आहे, हे त्या शास्त्राने स्वतः मान्य केले आहे. १९६९ साली नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिचा पहिला प्रश्न दवाखान्यातला नाही. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, तर आज तुम्हाला कसे वाटते, असा तो आहे. भीती आदल्या दिवशी घरीच सुरू होते, हे त्या माणसाने बरोबर ओळखले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५९ साली, मुलांवर उपचार करणाऱ्या ॲडल्स्टन या दंतवैद्याने एक पद्धत मांडली होती : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आरसा मुलाच्या हातात द्यायचा. दात घासण्याचा फिरता ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा. मगच दाताला लावायचा. आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे शिकवतात. मार्काचा सातवा अध्याय वाचलेल्या माणसाला ते फार नवे वाटू नये.

आणि आता लज्जेविषयी, कारण भीतीपेक्षा लज्जा अधिक माणसे मारते असे माझे मत आहे.

मी ज्या एका मंडळीत सेवा करीत होतो तेथे एक वयस्क बाई होत्या. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री, तिला काही भागांत मशेरी म्हणतात, ती त्या लहानपणापासून दातांना लावीत. त्यांच्या आईनेच ती लावायला शिकवले होते, दाढदुखीवर औषध म्हणून. एकदा हिरडी सुजली तेव्हा त्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेल्या. खोलीला दार होते पण ते उघडे. बाहेर बाकावर दहा माणसे. डॉक्टरांनी आत दिवा टाकला, तोंड वाकडे केले आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “शी! काय ही घाण करून ठेवलीस? इतकी वर्षं झोपली होतीस का?” अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला, नातवंडे असलेल्या बाईला, एकेरीत. त्या काही बोलल्या नाहीत. तोंडाला पदर लावून घरी आल्या.

त्यानंतर सहा वर्षे त्यांनी कोणालाही आपले तोंड पाहू दिले नाही. उपासनेत गाताना पदर, हसताना पदर. पुढे पुढे प्रभुभोजनाला येणेही त्यांनी सोडले. भाकर चावताना त्रास होई आणि द्राक्षारस झोंबे, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. शेवटी त्या तिखट टाळतात, एकाच बाजूने खातात, हे सुनेच्या लक्षात आले आणि तिने हट्टाने त्यांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेले. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग होता आणि तो हाडापर्यंत गेला होता.

तेथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्यांना खुर्चीत टेकवलेच नाही. स्वतः एक स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली, तोंडावरची पट्टी खाली केली आणि म्हणाली, “आजी, आधी तुम्ही सांगा. मी ऐकते. तोंड नंतर बघू.” मी भेटायला गेलो तेव्हा आजींनी मला शस्त्रक्रियेविषयी फारसे काही सांगितले नाही. म्हणाल्या, “पाळकसाहेब, त्या पोरीनं मला आधी बसून बोलू दिलं.” जबड्याचा एक भाग काढावा लागला. त्या आणखी काही वर्षे जगल्या, पातळ अन्नावर.

त्यांना कर्करोग पहिल्या डॉक्टरांनी दिला असे मी म्हणणार नाही. तो मिश्रीने दिला. पण त्या सहा वर्षांचा हिशेब सगळाच्या सगळा मिश्रीच्या खात्यावर टाकता येत नाही. तोंडाचा कर्करोग हा आपल्या देशातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि मिश्री, तंबाखू, गुटखा यांमुळे स्त्रियाही त्यातून सुटलेल्या नाहीत. तो लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशिरा सापडला तर फार थोडी. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात गाठ, अशी चिन्हे ज्याला दिसतील त्याने वाट पाहू नये. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील तर तेही दाखवावे. अशा रोग्याला ‘नीट उघडा हो!’ म्हणून दटावणारे पाहिले की मला त्या दकापलीसच्या माणसाची आठवण होते. त्याला कोणी ‘नीट ऐक’ म्हणून ओरडले असते तर?

मग काय, डॉक्टरांनी खरे बोलूच नये? व्यसनाविषयी गप्प बसावे? तसे नव्हे. योहानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाची गोष्ट आहे. तळ्याकाठी पडलेल्या त्या माणसाला प्रभूने आधी विचारले की, बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय. पुढे पाप करू नकोस, ही ताकीदही त्याने दिली. पण ती कधी दिली? बरे केल्यानंतर, पुढे मंदिरात तो भेटला तेव्हा. आणि जन्मांध माणसाविषयी, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी त्याच्यादेखत विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. दुखणे थांबले, विश्वास बसला, आणि मग कोणी हळूच विचारले, “मावशी, मिश्री सोडावीशी वाटते का? मी मदत करीन,” तर पुष्कळ बायका सोडतात. उघड्या दाराशी दहा माणसांसमोर कोणी सोडीत नाही. तेथे त्या फक्त डॉक्टर सोडतात.

वेदनेविषयी आपल्या लोकांत एक चमत्कारिक धर्मभावना आहे, तिचाही येथे विचार केला पाहिजे. ‘प्रभूने वधस्तंभ सोसला, तुला एक दाढ सोसवत नाही?’ असे बोलणारे विश्वासू लोक मी ऐकले आहेत. प्रभूला वधस्तंभावर देण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि त्याने तो घेतला नाही, हे मार्क सांगतो. हे त्याने स्वतःपुरते केले. दुसऱ्या कोणा दुखणाइताला त्याने ‘सोस’ म्हणून परत पाठवल्याचे शुभवर्तमानात एकही उदाहरण नाही. पौलाच्या देहातल्या काट्याची आठवण कोणी करून देईल. पण ते उत्तर पौलाला स्वतःला, तीनदा प्रार्थना केल्यावर, प्रभूकडून मिळाले होते. हातात चिमटा धरलेल्या माणसाने ते रोग्याला द्यायचे नसते.

किंबहुना शस्त्रक्रियेतील वेदना थांबवण्याचा मार्ग वैद्यकाला दाखवून देण्यात दंतवैद्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी होरेस वेल्स नावाचा तरुण दंतवैद्य होता. १० डिसेंबर १८४४ रोजी तो हसवणाऱ्या वायूचा एक खेळ पाहायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला चांगलीच जखम झाली आणि त्याला ती कळलीही नाही, हे वेल्सने पाहिले. इतर प्रेक्षक हसून घरी गेले. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू आपल्या दवाखान्यात आणवला. आता प्रश्न होता, प्रयोग कोणावर करायचा? गरीब रोगी काही कमी नव्हते. पण वेल्स स्वतः खुर्चीत बसला, वायू हुंगला, आणि जॉन रिग्ज या सहव्यवसायी मित्राकडून आपली दाढ काढून घेतली.

पुढची हकिगत सुखाची नाही. १८४५च्या जानेवारीत बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करताना रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित करून दाखवली; तोही दंतवैद्यच, आणि वेल्सचा पूर्वीचा शिष्य व भागीदार. सन्मान त्याला मिळाला. वेल्सचे आयुष्य १८४८ साली, तेहतिसाव्या वर्षी, अत्यंत दुःखद रीतीने संपले. जगाने त्याला जे द्यायचे ते नीट दिले नाही. तरी दुसऱ्याला खुर्चीत बसवण्याआधी तो स्वतः तीत बसला, एवढी एक गोष्ट मला इतिहासातल्या मोठमोठ्या शोधांपेक्षा मोलाची वाटते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या प्रमुख याजकाविषयी जे सांगितले आहे, की आपल्या दुर्बलतेचा अनुभव त्याला परका नाही, ते समजून घ्यायला हे उदाहरण लहान असले तरी उपयोगी आहे. आपला तारणारा वरून सूचना देत राहिला नाही. तो या खुर्चीत बसला.

आज भूल देण्याची साधने पुष्कळ सुधारली आहेत. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन आज गावोगावच्या दवाखान्यात आहे. हिरडीला आधी बधिर करणारे मलम लावले आणि औषध सावकाश सोडले तर टोचणेही पुष्कळ सुसह्य होते. पण एक गोष्ट रोग्यांना सहसा कोणी सांगत नाही. दाढेच्या आतला जीव फार सुजलेला असेल, रात्रभर ठणका लागलेला असेल, तेव्हा हेच औषध नीट लागू पडत नाही. ओठ बधिर होतो, गाल बधिर होतो, पण दाढ जागीच राहते. रोगी विव्हळतो आणि डॉक्टर म्हणतात, “इंजेक्शन दिलंय, दुखणं शक्यच नाही.” तो बिचारा दातांच्या कण्या करतो, पण पुस्तकाप्रमाणे दुखायला नको, म्हणून दुखत नाही असे ठरते. त्याचे खरे मानून आणखी भूल द्यायची, किंवा काही दिवस औषधाने सूज उतरवायची, असे मार्ग असतात. त्यासाठी आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला काय हवे आहे ते साऱ्या यरीहोला दिसत होते; तरी मी तुझ्यासाठी काय करावे, असे प्रभूने त्यालाच विचारले.

म्हणून समंजस दंतवैद्य सुरुवातीलाच रोग्याशी एक करार करतात : दुखले किंवा श्वास घ्यावासा वाटला तर डावा हात वर करा, मी थांबेन. डावा अशासाठी की डॉक्टर बहुधा उजव्या अंगाला असतात. ज्याची जीभ बांधली आहे त्याला या एका हाताने बोलता येते. पुष्कळांना तो हात संपूर्ण वेळात एकदाही वर करावा लागत नाही. वर करता येतो, एवढ्यानेच त्यांची मूठ सैल होते. मात्र हात वर झाला आणि डॉक्टर ‘झालंच, झालंच’ म्हणत पुढे चालले, तर करार न केलेला बरा. संकटकाळी बेइमान माणसावर टाकलेल्या भरवशाला नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात मोडक्या दाताची उपमा दिली आहे. लिहिणाऱ्याला दाढदुखी ठाऊक असली पाहिजे.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. दिवसभर वाकून त्यांची मान आणि पाठ कायमची दुखू लागते. एका इंचाच्या जागेत, ओल्यात, अंधारात, हलणाऱ्या माणसावर त्यांना काम करायचे असते. रोगी येतात तेच मुळी सगळे घरगुती उपाय हरल्यावर, आणि येताच म्हणतात की मला तुमची फार भीती वाटते. हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या माणसाचा स्वर कधी चढला तर नवल नाही. आपल्या मंडळ्यांत परिचारिकांसाठी प्रार्थना होते, शल्यवैद्यांसाठी होते. दंतवैद्यासाठी झालेली मी तरी ऐकलेली नाही.

घरोघरच्या आईबापांनाही एक शब्द सांगायचा आहे. यिर्मया आणि यहेज्केल या दोघाही संदेष्ट्यांच्या काळी एक म्हण लोकांच्या तोंडी होती : आंबट द्राक्षे खातात वाडवडील, आणि दात आंबतात ते मुलांचे. दंतवैद्याच्या भीतीबाबत ही म्हण अक्षरशः खरी आहे. आईच्या चेहऱ्यावरची धास्ती मूल दवाखान्याची पायरी चढण्याआधीच वाचते. त्यात ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरांना सांगून सुई टोचायला लावीन’ ही आपली घरगुती शिक्षा. आणि तेथे गेल्यावर ‘अजिबात दुखणार नाही’ हे असत्य! थोडे टोचेल, तू सांगितलेस की थांबतील, एवढे खरे सांगितले तर मूल ते सोसते. मुलाला पहिला दात येताच, पहिल्या वाढदिवसापूर्वीच, एकदा दंतवैद्याला दाखवावे असे आता तज्ज्ञ सांगतात. त्यातला एक मोठा लाभ हा की, पहिली भेट ठणक्याच्या दिवशी होत नाही. ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी वापरू नये, असे परमेश्वराने यहेज्केलाच्या द्वारे सांगितले. ती आपल्या घरातूनही जायला हरकत नाही.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात एक नियम आहे, तो आपण सहसा वाचून पुढे जातो. धन्याने दासाचा किंवा दासीचा दात पाडला, तर त्या दाताबद्दल त्याने तिला मुक्त करून जाऊ द्यावे. एका दाताबद्दल संपूर्ण स्वातंत्र्य! ज्या जगात दासीचा देह धन्याची मालमत्ता होता, त्या जगात परमेश्वराने तिचा एक दात मोजून ठेवला. आज गरीब माणूस दुखरी दाढ घेऊन जातो तेव्हा पुष्कळदा त्याच्या कपड्यांकडे पाहूनच निकाल लागतो : काढून टाका. तीच दाढ साहेबाच्या तोंडात असती तर मुळावर उपचार करून, टोपी बसवून वाचवली गेली असती. खर्च मोठा असतो, हे खरे. सर्वांना तो परवडत नाही, हेही खरे. परंतु काय काय करता येईल, प्रत्येकाला किती पैसे आणि किती फेऱ्या लागतील, हे त्याला सांगावे आणि निवड त्याला करू द्यावी. बायको-मुलांशी बोलून तो कदाचित दाढ काढायचेच ठरवील. पण ते त्याने ठरवलेले असेल.

कोलकात्यात १९२० साली डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांनी भारतातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. आज देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत. नोंदणी नसलेल्यांनी हा व्यवसाय करू नये असा कायदाही १९४८ साली झाला. तरीही बाजाराच्या दिवशी फडके अंथरून दात काढणाऱ्यासमोर माणसे बसतात. ती का बसतात? तो स्वस्त आहे म्हणून. आणि, हे कबूल करायला हवे, तो त्यांच्या भाषेत, त्यांच्याशेजारी उकिडवा बसून बोलतो म्हणूनही. त्याची अवजारे उकळलेली नसतात, त्यातून कावीळ आणि त्याहून भयंकर रोग होतात, हे लोकांना सांगितलेच पाहिजे. पण त्याचे बसणे शिकलेल्यांनी उचलले तर काही बिघडणार नाही.

भाषेचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे. नोकरीनिमित्त मुले हैदराबादला, बंगळूरला, दिल्लीला गेली, आईवडील त्यांच्याकडे राहायला गेले. तेथील दवाखान्यात म्हाताऱ्या वडिलांना डॉक्टरांचे बोलणे कळत नाही आणि डॉक्टरांना त्यांचे. मुलगा मोबाइलवर बोलत बाहेर उभा असतो. ते पुरते बहिरे-तोतरे झालेले असतात. मुलांनो, आत जा. दुखणे कधी सुरू झाले, रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी कोणती औषधे चालू आहेत, हे तुम्हीच सांगायचे आहे. पण ‘काढायची का ठेवायची’ हे मात्र परत त्यांना त्यांच्या भाषेत विचारा. दाढ त्यांची आहे.

आपल्या उताऱ्यात त्या माणसाला प्रभूकडे आणणाऱ्या लोकांची नावे नाहीत. त्यांनी आणले, विनंती केली, आणि प्रभूने त्याला एकांती नेले तेव्हा ते मागे राहिले असावेत. पुढे, कोणाला सांगू नका, असे प्रभूने त्यांना निक्षून सांगितले आणि त्यांनी नेमके उलट केले. मंडळीतल्या ज्या तरुणांना अशी सेवा करायची आहे त्यांनी यातला पहिला भाग घ्यावा आणि शेवटचा सोडावा. एखाद्या भित्र्या माणसाबरोबर जाऊन बसणे, परत येताना त्याला आधार देणे, ही सेवा आहे. त्याच्या तोंडात काय निघाले ते संडे स्कूलच्या अंगणात सांगणे ही सेवा नाही.

अलीकडे पुष्कळ मंडळ्या वर्धापनदिनी दंतचिकित्सेचे शिबिर भरवतात. फार चांगली गोष्ट आहे. फक्त तपासणीची खुर्ची मंडपाच्या मध्यभागी, छायाचित्रकाराच्या सोयीने ठेवू नये. कापडी का होईना, पडदा लावावा. छायाचित्र काढायचेच असेल तर त्या माणसाला आधी विचारावे, आणि तो नको म्हणाला तर आग्रह करू नये. वृद्धांची नावे पुकारताना त्यांना तुम्ही-आम्ही म्हणावे. कवळी लावणाऱ्या माणसाला चार लोकांदेखत ती काढायला सांगणे म्हणजे त्याला उघडे करण्यासारखे आहे. कवळी ठेवायला पाण्याची वाटी आणि परत लावताना पाहायला एक आरसा, एवढे तरी त्या पडद्याआड ठेवावे.